प्रायोगिक नाटक बसवताना क्रम कुठे चुकतो: पहिल्या बैठकीपासून सेट सोडवण्यापर्यंत

नोकरी-शिक्षण सांभाळून संध्याकाळी तालमीला येणारी दहा-बारा माणसं, भाड्याची एक खोली आणि नेहमीच्या चौकटीत न बसणारी संहिता. एवढ्या भांडवलावर नाटक करणाऱ्या संस्थांबरोबर मी बरीच वर्षं बॅकस्टेजला काम केलं आहे. त्यांच्यात एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. दहा आठवडे नटांच्या तालमी होतात. प्रकाश, ध्वनी, सामानाची ने-आण, दोन प्रवेशांमधला काळोख हे सगळं शेवटच्या दोन रात्रींत कोंबलं जातं. मग तांत्रिक तालीम (प्रकाश-ध्वनी जुळवण्याची) आणि रंगीत तालीम (वेशभूषेसह प्रयोगासारखी) एकातच उरकली जाते, दोन्ही अर्धवट राहतात, आणि प्रेक्षकांसमोरचा पहिला प्रयोग हीच नाटकाची पहिली सलग तालीम ठरते.

हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. बिनपगारी चालणाऱ्या संस्थेकडे सर्वांत कमी असतात ते माणसांचे तास. पुढचा प्रत्येक टप्पा त्या तासांच्या हिशेबाने लावला आहे.

१. आधी लेखी परवानगी, मग वाचन

संहिता आवडली की लगेच सामूहिक वाचन ठेवायचं, भूमिका वाटायच्या आणि परवानगी 'नंतर बघू' म्हणायचं, हे थांबवा. सहा आठवड्यांनी नकार आला तर गेलेले तास परत मिळत नाहीत.

लेखक हयात नसला म्हणून नाटक मोकळं होत नाही. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतात, आणि पुष्कळ देशांत ही मुदत त्याहून मोठी आहे: भारतात ६०, युरोपीय संघात ७० वर्षं. जुन्या नाटकाचा अनुवाद करत असाल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. मूळ नाटक दोन शतकांपूर्वीचं असलं तरी अनुवाद मागच्या दशकातला असेल तर अनुवादकाला विचारावंच लागतं.

वेगळ्या वाटेची नाटकं करणाऱ्यांना खास सांगायचं म्हणजे, प्रयोगाची परवानगी मिळाली म्हणजे बदल करायची मुभा मिळाली असं नाही. १९८४ साली अमेरिकेत केंब्रिज इथल्या एका निर्मितीत सॅम्युएल बेकेट यांच्या 'एंडगेम'चं नेपथ्य भुयारी रेल्वे स्थानकात नेलं, तेव्हा लेखकाने हरकत घेतली. प्रयोग झाले, पण लेखकाची नाराजी छापलेलं निवेदन प्रेक्षकांच्या हाती द्यावं लागलं. पात्रांचं लिंग बदलणं, प्रवेशांची उलटापालट, अर्ध्या तासाची काटछाट, यांतलं काहीही मनात असेल तर ते पहिल्याच पत्रात लिहा.

पत्रात एवढं हवं: प्रयोगांची संख्या आणि तारखा, जागा, प्रेक्षकसंख्या, तिकीट आहे की नाही, बदलांची यादी, चित्रीकरण करणार का, श्रेयनामावलीतला मजकूर. ध्वनिमुद्रित गाणं वापरणार असाल तर रचनेचा हक्क आणि त्या विशिष्ट मुद्रणाचा हक्क असे दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. दोन्हींची उत्तरं हवीत.

*तपासा:* परवानगी लेखी आली आहे का? तोंडी होकार धरू नका.

२. तासांचा हिशेब मांडून तारीख काढा

बहुतेक संस्था तारीख आधी ठरवतात आणि तालमी त्यात बसवतात. उलटं करा. माझा ठोकताळा असा: रंगमंचावरच्या १ मिनिटाला तालमीचा १ तास. नाटक ७० मिनिटांचं असेल तर ७० तास. आठवड्यातून ३ संध्याकाळी अडीच-अडीच तास मिळाले तर आठवड्याचे साडेसात, म्हणजे सुमारे सव्वानऊ आठवडे. गैरहजेरी, आजारपण आणि परीक्षा धरून त्यात २ आठवडे मिळवा. तांत्रिक आठवडा याच्या बाहेरचा. एकूण साधारण १२ आठवडे झाले. आठ आठवड्यांत हेच नाटक बसेल असं वाटत असेल तर चार आठवडे कुठून कापले ते कागदावर लिहा. बहुतेक वेळा ते प्रकाश आणि ध्वनीतूनच कापलेले असतात.

भूमिका वाटण्यापूर्वी प्रत्येकाकडून एक कागद भरून घ्या: या १२ आठवड्यांत कोणत्या दिवशी येणं शक्य नाही. तो कागद पाहूनच कोण कोणत्या प्रवेशात असेल ते ठरवावं. उत्तम नट पण आठवड्याला एकच संध्याकाळ मोकळी, अशा माणसाला समूहदृश्यात घेतलं तर त्याच्यापायी बाकीचे आठ जण अडकतात. त्याला स्वगत द्या, दोघांचा प्रवेश द्या.

३. कामं वाटताना दोन नियम

पहिला नियम: दिग्दर्शक प्रयोगाच्या वेळी कोणतंही यंत्र चालवणार नाही. माणसं कमी म्हणून दिग्दर्शकच लाइट्सच्या बोर्डवर बसतो आणि मग त्याला नाटक दिसत नाही, बटणं दिसतात.

दुसरा नियम: रंगमंच व्यवस्थापक पहिल्या वाचनापासून हवा. शेवटच्या आठवड्यात आणलेला माणूस फक्त हमाली करू शकतो. व्यवस्थापकाने प्रत्येक तालमीत बसून कोण कुठून आलं, खुर्ची कुठे राहिली, कोणता शब्द बदलला ते टिपलेलं असेल तरच प्रयोग त्याच्या हाती सोपवता येतो. पहिल्या प्रयोगाच्या घंटेपासून दिग्दर्शकाने प्रेक्षागृहात बसावं आणि सूत्रं व्यवस्थापकाकडे असावीत. दिग्दर्शकांना हे जड जातं, हे मला माहीत आहे. तरीही करा.

प्रत्येक कामापुढे दोन नावं लिहा: मुख्य आणि पर्यायी. पर्यायी माणसाने निदान दोन तालमींत ते काम प्रत्यक्ष केलेलं असावं.

पैशाचं थोडक्यात: जागा, हक्क, लाइट्स-ध्वनीचं भाडं, नेपथ्य, वेशभूषा, छपाई, वाहतूक हे खर्च मांडा, वर १० ते १५ टक्के अडीअडचणीसाठी ठेवा, आणि निम्म्याच खुर्च्या भरतील असं धरून ताळमेळ लागतो का ते बघा. लागत नसेल तर नेपथ्य कमी करा. तालमीच्या जागेवर कात्री लावू नका.

४. जागा पाहायला टेप घेऊन जा

प्रायोगिक नाटकं बरेचदा नाट्यगृहाबाहेर होतात: वर्गखोलीत, गोदामात, गच्चीवर. जागा 'छान वाटली' एवढं पुरत नाही. सोबत मोजपट्टी, खडू, टॉर्च आणि व्यवस्थापक हवा. मोजायचं ते असं: लांबी-रुंदी, छताची उंची, दारांची रुंदी (सेटचा सगळ्यात मोठा तुकडा आत येतो का), खांब, खिडक्या, बाहेर पडण्याच्या वाटा. दिवसा प्रयोग असेल तर पूर्ण काळोख होतो का ते त्याच वेळेला जाऊन पाहा. पंखे बंद करून दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प उभं राहा; तुमच्या नाटकात लांब शांतता असेल तर बाहेरचा कोणता आवाज तिच्यात शिरणार आहे ते कळेल.

प्रेक्षक तीन बाजूंना किंवा गोलात बसवणार असाल तर प्रत्येक बाजूच्या शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यात बसून बघा. जमिनीवर झोपलेलं पात्र दुसऱ्या रांगेपासून मागे कुणालाच दिसत नाही. एका जागेत आमचा शेवटचा सगळा प्रवेश जमिनीवर होता. प्रेक्षक उभे राहून पाहू लागले तेव्हा आम्हाला ते कळलं. त्यानंतर मी तालमीच्या खोलीतही खुर्च्यांच्या दोन रांगा लावल्याशिवाय काम सुरू होऊ देत नाही.

विजेचं गणित साधं आहे आणि तरीही टाळलं जातं. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. १००० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर घेतो, १२० व्होल्टवर ८.३. जोडणी (सर्किट) १५ अँपिअरची असेल तर तिच्या ८० टक्क्यांपर्यंतच, म्हणजे १२ अँपिअरपर्यंत, भार टाका. २३० व्होल्टवर असे दोन दिवे झाले. तिसरा लावला की १३. शेजारशेजारचे दोन सॉकेट बहुधा एकाच जोडणीवर असतात, त्यामुळे सॉकेट मोजून फसू नका. कोणती जोडणी कुठे जाते ते जागेच्या इलेक्ट्रिशियनकडून समजून घ्या.

*सावधान:* वायरच्या गुंडाळलेल्या रीळवरून जास्त भार घेऊ नका. वायर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापते. डोक्यावर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला मुख्य पकडीशिवाय वेगळी सुरक्षासाखळी हवी. सेटसाठी बाहेर पडायची वाट अडवायची नाही, एका प्रयोगापुरतीसुद्धा नाही. धूर वापरणार असाल तर आगीची सूचना देणारी यंत्रणा त्याने वाजते का ते जागामालकाला आधी विचारा.

परत आल्यावर तालमीच्या खोलीत रंगमंचाची आखणी खऱ्या मापाने चिकटपट्टीने करा. खोली लहान असेल तर एक बाजू कापा, पण माप आकसवू नका. आकसलेल्या मापावर बसवलेल्या हालचाली खऱ्या जागेत विस्कटतात.

५. तालमी: संहिता गोठवायची तारीख

वाचन, हालचाली, पाठांतर, तुकड्यांवर काम, मग सलग तालीम. हा क्रम सगळ्यांना माहीत असतो. चुकतात त्या दोन तारखा.

एक, पाठांतराची. एकूण तालमींपैकी निम्म्या संपायच्या आत संहिता हातातून सुटली पाहिजे. त्या दिवसानंतर नट अडखळला तर प्रॉम्प्टर वाक्य देईल, पण कागद हातात घ्यायचा नाही. पहिल्या दोन तालमी फार रडतखडत जातील. जाऊ द्या.

दोन, संहिता गोठवण्याची. समूहाने तालमीतून रचलेल्या नाटकांत ही तारीख बहुतेक वेळा नसतेच. रोज नवं सुचतं आणि ते रोज चांगलंही असतं. पण प्रकाशाचा क्यू (बदल करायची खूण) ज्या वाक्यावर लावला ते वाक्यच काल रात्री गेलेलं असतं. पहिल्या प्रयोगाच्या १४ दिवस आधीची तारीख ठरवा. त्यानंतर नवा प्रवेश नाही, प्रवेशांचा क्रम बदलणार नाही. नटाच्या आत घडणारे बदल चालू राहू देत. बाहेरून दिसणारे बदल थांबले पाहिजेत. प्रयोगातच उत्स्फूर्त रचना होणार असेल तर तिच्या दोन्ही टोकांना खिळा ठोका: सुरू होण्याची एक ठरलेली कृती आणि संपण्याची एक ठरलेली कृती. 'तिने कंदील जमिनीवर ठेवला की प्रसंग संपला' एवढं ठरलेलं असलं की मधे काय होईल याची ऑपरेटरला (प्रकाश-ध्वनी चालवणाऱ्याला) चिंता नसते.

व्यवस्थापकाची प्रॉम्प्ट कॉपी, म्हणजे सगळ्या नोंदी असलेली संहिता, याच काळात तयार होते. फाइलमध्ये एका बाजूला संहितेचं पान, समोर कोरं पान. कोऱ्या पानावर हालचाली आणि प्रॉपर्टी (नटांनी वापरायच्या वस्तू). क्यू मात्र नेमक्या शब्दासमोर, पानाच्या समासात. पेन्सिलच वापरा.

हाणामारी किंवा अंगस्पर्शाचे प्रसंग असतील तर ते पावलं मोजून बसवा, आधी अगदी सावकाश. संबंधित नटांनी जे मान्य केलं तेवढंच प्रयोगात होईल, त्यापलीकडे 'भावनेच्या भरात' काही नाही. कुणाला मधेच ते बदलावंसं वाटलं तर कारण न विचारता बदला.

*तपासा:* गोठवलेली संहिता नट, प्रकाश, ध्वनी, व्यवस्थापक या चौघांकडे एकाच पान-क्रमांकाने आहे का?

६. क्यू आधी कागदावर

हा टप्पा सरळ गाळला जातो, आणि तो फक्त तीन तासांचा आहे. दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार, ध्वनी पाहणारा आणि व्यवस्थापक असे चौघं एका टेबलाभोवती बसा. नट नकोत. संहिता पहिल्या पानापासून उलटत प्रत्येक बदल नोंदवा: क्रमांक, नेमका कशावर (शब्द, कृती की आधीच्या क्यूनंतरचे सेकंद), काय होतं, किती सेकंदांत.

क्रमांक १०, २०, ३० असे द्या. मधे नवा क्यू आला की २५ करता येतो आणि बाकीची वही खोडावी लागत नाही. प्रकाश आणि ध्वनी एकाच क्षणी असतील तर दोन्हींची हाक एकच ठेवा.

संवाद कमी आणि कृती जास्त असलेल्या नाटकांत 'ती उदास होते तेव्हा' असा क्यू लिहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. हा क्यू नव्हे. ऑपरेटरला दिसेल अशी गोष्ट लिहा: 'तिने उजवा हात खाली सोडला.' ऑपरेटरच्या जागेवरून तो हात दिसतो का, हेही विचारा.

प्रॉपर्टीची यादी याच बैठकीत पक्की करा: वस्तू, कोणत्या विंगेत (रंगमंचाच्या बाजूच्या आडोशात), कोण उचलतं, कुठे ठेवतं. विंगेतल्या टेबलावर मोठा कागद पसरून प्रत्येक वस्तूची चौकट आखा आणि आत नाव लिहा. रिकामी चौकट दिसली की काय हरवलंय ते विचारावं लागत नाही.

७. शेवटचा आठवडा: पाच वेगळी कामं, पाच वेगळ्या वेळा

जागा कमी दिवस मिळते म्हणून ही कामं एकत्र केली जातात. दिवस दोनच असले तरी कामं वेगळी ठेवा आणि क्रम मोडू नका.

अ) लावणं. आधी टांगायचे दिवे, मग जमिनीवरचा सेट. उलटं केलं तर शिडी ठेवायला जागा उरत नाही. सेट उभा राहिल्यावर दिव्यांचा फोकस. चेहऱ्यासाठी समोरून, साधारण ४५ अंश वरून आणि दोन्ही बाजूंनी येणारा प्रकाश ही सुरुवात धरा. अगदी डोक्यावरून आला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तोच परिणाम हवा असेल तर ठरवून करा.

ब) कोरडी तांत्रिक तालीम. नटांशिवाय. प्रत्येक प्रकाशस्थिती एकदा बघून नोंदवा, प्रत्येक आवाज रिकाम्या सभागृहात वाजवा. नटाच्या जागी कुणी तरी उभं राहा, रिकाम्या खुर्चीवर प्रकाश ठरवता येत नाही. भरलेलं सभागृह आवाज शोषून घेतं, तेव्हा पातळी थोडी वाढवावी लागेल याची नोंद ठेवा.

क) क्यू-ते-क्यू. नट येतात, पण अभिनय नाही. क्यूच्या आधीची तीन-चार वाक्यं, क्यू, नंतरची दोन वाक्यं, थांबा. चुकलं तर पुन्हा. पुढच्या क्यूवर उडी. ६० क्यू आणि प्रत्येकी ४ मिनिटं धरली तर ४ तास लागतात. तेवढे मोकळे ठेवा. ही तालीम कंटाळवाणी असते, हे नटांना आधीच सांगा. या वेळात दिग्दर्शकाने नटांना सूचना द्यायच्या नाहीत. एक जरी सूचना दिली की चर्चा सुरू होते आणि बोर्डवर बसलेले दोघं ताटकळतात.

हाक देण्याची शिस्त इथेच बसवा. व्यवस्थापक आधी म्हणतो, 'प्रकाश ४०, तयार.' ऑपरेटर उत्तर देतो, 'तयार.' मग नेमक्या क्षणी, 'प्रकाश ४०, गो.' 'गो' हा शब्द इतर कोणत्याही वाक्यात उच्चारायचा नाही. तो कानावर पडला की बोट दाबलं जातंच.

काळोखातल्या हालचाली दोनदा करा: आधी पूर्ण उजेडात, मग काळोखात. लेव्हलच्या (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यांच्या) कडा आणि पायऱ्या अंधारात चमकणाऱ्या पट्टीने दाखवा. सामान हलवणाऱ्या प्रत्येकाची वाट ठरलेली हवी, कारण दोघांची टक्कर काळोखातच होते.

ड) सलग तांत्रिक तालीम. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता. काही बिघडलं तरी पुढे चला आणि टिपून ठेवा. थांबायची परवानगी एकाच कारणाला: कुणाला इजा होण्याचा धोका असेल तर. तेव्हा कुणीही 'थांबा' म्हणू शकतो, अगदी तिकिटावर बसणारा मुलगासुद्धा.

इ) रंगीत तालीम. संपूर्ण वेशभूषा, रंगभूषा, ठरलेल्या वेळेला सुरुवात, चार-पाच पाहुणे प्रेक्षक. दोन प्रवेशांत पोशाख बदलायचा असेल तर घड्याळ लावा. ४० सेकंदांत होत नसेल तर बटणांच्या जागी वेल्क्रो लावा किंवा विंगेत मदतनीस उभा करा. तालमीनंतरच्या सूचना २० मिनिटांत संपवा. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत चाललेली चर्चा दुसऱ्या दिवशी नटाच्या आवाजात ऐकू येते.

*सावधान:* रंगीत तालमीनंतर नवा क्यू घालायचा नाही. जो क्यू अजूनही चुकतो आहे तो काढून टाका.

८. प्रयोगाचा दिवस

दोन तास आधी बॅकस्टेजची माणसं, दीड तास आधी नट. प्रत्येक दिवा, प्रत्येक स्पीकर एकेक करून तपासा. प्रॉपर्टीचं टेबल यादीशी ताडा. हाणामारी असेल तर ती त्याच दिवशी, त्याच जमिनीवर, एकदा संथ गतीने करून घ्या. दहावा प्रयोग असला तरी.

ब्रिटिश नाट्यगृहांत 'अर्ध्या तासाची' हाक प्रत्यक्षात ३५ मिनिटं आधी देतात, कारण त्यांचा हिशेब नट जागेवर येण्याच्या क्षणाशी जुळवलेला असतो आणि तो क्षण प्रयोगाच्या ५ मिनिटं आधीचा. ही सवय उचला: ३५, २०, १० आणि ५ मिनिटांना हाक, आणि प्रत्येक नटाने उलट उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर व्यवस्थापकाने जाऊन बघायचं.

दारावरच्या माणसाला तीन गोष्टी लेखी द्या: उशिरा आलेल्यांना कधी आणि कुठून सोडायचं, नाटकात हिंसा, झगमगते दिवे किंवा धूर असेल तर त्याची पूर्वसूचना कुठे लावायची, आणि आग किंवा आजारपण उद्भवलं तर कोणाला हाक मारायची. प्रेक्षक आत सोडायचा निर्णय व्यवस्थापक देतो, दारावरचा माणूस तो परस्पर घेत नाही.

प्रयोगानंतर चर्चा ठेवली असेल तर नटांना आधी १० मिनिटं द्या, आणि जाऊ इच्छिणाऱ्या प्रेक्षकांना सहज उठता येईल असा मोकळा वेळ ठेवा.

व्यवस्थापकाने त्याच रात्री एक पानी अहवाल लिहावा: सुरू आणि संपण्याची वेळ, चुकलेले क्यू, मोडलेल्या वस्तू, जखमा, प्रेक्षकसंख्या. नाटक ७० वरून ७६ मिनिटांवर गेलं असेल तर ते याच कागदावर दिसतं, आणि पुढच्या प्रयोगाआधी कुठे रेंगाळलं ते शोधता येतं.

९. सेट सोडवणं

शेवटच्या प्रयोगानंतर अर्धी माणसं हार-तुऱ्यांत आणि अर्धी शिडीवर, असं होऊ देऊ नका. सोडवण्याची पाळी तालमींच्या वेळापत्रकातच लिहा, नटांसकट सगळ्यांची. लावण्याच्या उलट क्रमाने जा: प्रॉपर्टी आणि पोशाख, मग सेट, मग वायरी, शेवटी थंड झालेले दिवे. गरम दिवा हातमोज्यानेही उतरवू नका, थांबा. भाड्याच्या वस्तू यादीवर खूण करत खोक्यात भरा आणि मोडलेलं काही असेल तर परत करतानाच सांगा. जागेचे फोटो काढा, चिकटपट्टीचे डाग पुसा, किल्ली द्या.

प्रॉम्प्ट कॉपी, क्यू-कागद, जोडण्यांचा नकाशा आणि प्रयोगांचे अहवाल एकाच फाइलमध्ये घालून संस्थेकडे ठेवा, कोणा एकाच्या घरी नाही. दोन वर्षांनी पुन्हा प्रयोग लावायचा ठरला आणि निम्मी माणसं बदललेली असली तरी तेवढ्यावर नाटक आठवड्याभरात उभं राहतं.